सत्तावीसपैकी साडेसव्वीस

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, दुपारी चार. हे तीन वार माझ्या अक्काचे होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती धुळ्याच्या एका दवाखान्यात डायलिसिसला जायची. रविवारी तिच्याकडे कोणी ना कोणी येऊन बसायचं. उरलेले तीन दिवस ती धुळ्यात आणि मी जळगावात कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसायचो आणि एका बेटावर विमानातून उड्या मारायचो. ती सत्तावन्न वर्षांची, मी बावन्न.

खेळ असा होता की शंभर माणसं छत्रीने बेटावर उतरतात. रिकामी घरं असतात, त्यांत बंदुका, औषधं, पट्ट्या पडलेल्या असतात. बेटाभोवती एक गोल आवळत येतो आणि आत राहिलेली माणसं एकमेकांना मारतात. शेवटी उरेल तो जिंकला. दोघादोघांची जोडी करून खेळता येतं. आमची जोडी कधी जिंकली नाही. आम्ही फारसं कुणाला मारलंही नाही. आम्ही लपायचो.

अक्काला हा खेळ तिच्या सुनेने लावून दिला. मुलगा नोकरीसाठी परगावी, त्याचा कॉम्प्युटर घरात पडून होता. डायलिसिस सुरू झाल्यावर अक्का दिवसभर भिंतीकडे बघत बसायची, म्हणून सुनेने तिला आधी पत्ते शिकवले, मग हे. अक्काने मला फोन करून सांगितलं, "एकटीला भीती वाटते तिथे. तू ये."

ती संसारी बाईसारखी खेळायची. घरात शिरली की प्रत्येक खोली बघणार, कोपरा न् कोपरा झाडून घेणार, आणि बाहेर पडताना दार लावणार. मी घाई केली की म्हणायची, "दार उघडं टाकून कुठे चाललास? पारोळ्याच्या घरी असतास तर आईने परत पाठवलं असतं." पुढे कळलं की दार लावणं हीच त्या खेळातली शहाणपणाची गोष्ट आहे. उघडं दार दिसलं की दुसऱ्याला समजतं, इथे कोणी येऊन गेलं. अक्काला हे कोणी शिकवलं नव्हतं.

आम्ही आपसात अहिराणी बोलतो. इथे तिची काही वाक्यं तशीच ठेवली आहेत, बाकीची सगळ्यांना कळतील अशी लिहितो. गवतात पालथं पडून राहिलं की तिचा ठरलेला प्रश्न असायचा, "किती ऱ्हायनात?" म्हणजे किती उरले. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेल्यांचा आकडा असतो, पण तिला तो बारीक दिसायचा. तो आकडा सांगणं माझं काम.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. परवानाधारक आहे. धान्याच्या आणि कापसाच्या व्यापाऱ्यांचे काटे दुरुस्त करायचे, तपासायचे, आणि सरकारी शिक्क्यासाठी उभे करायचे, हा माझा सत्तावीस वर्षांचा धंदा. आकडा लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे या खेळाचीही वही होती. तारीख, कुठे उतरलो, किती मिनिटं टिकलो, कितवे आलो. चौदा महिन्यांत एकशे त्रेसष्ट दुपारी भरल्या. सगळ्यात चांगला क्रमांक सहावा, तोही एकदाच.

वहीत जे नाही ते आता लिहितो. भाऊबहिणीला समोरासमोर बसून बोलता येतंच असं नाही. फोनवर आमचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. जेवलीस का, बीपी किती, पाहुणे आले होते का. मी धुळ्याला जायचो तेव्हाही तेच. केळीच्या जिल्ह्यात राहून मी तिच्याकडे रिकाम्या हाताने जायचो, कारण किडनीवाल्यांना केळी चालत नाहीत. आणि रिकाम्या हाताने गेलेला माणूस थोड्या वेळात उठतो. पण खेळात वाट बघावी लागते. दहा-दहा मिनिटं एका न्हाणीघरात दबा धरून बसायचं, बाहेर कुणाच्या पावलांचा आवाज येतो का ऐकायचं. अशा वेळी ती बोलायची. एकदा एका पडक्या घराच्या वरच्या मजल्यावर बसलो असताना हळू आवाजात म्हणाली, "मी सातवीतून शाळा सोडली ना, ती घरकामासाठी नाही सोडली. शाळा तीन कोस लांब होती. दोघांना एक सायकल होती. तू लहान होतास, चालून थकायचास."

मी काही बोलायच्या आत खाली दार वाजलं आणि आम्हाला कोणीतरी मारलं. त्या दिवशी आम्ही एकतिसावे आलो. वहीत तेवढंच आहे.

आता कॉम्प्युटरचं. माझं मशीन इथल्याच एका दुकानात जोडून घेतलेलं. त्यात विंडोज होती, दुकानदाराने बसवून दिलेली. एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली की ही प्रत खरी नाही. दुकानदाराला विचारलं तर तो हसला. "भाऊ, गावात कोणाची खरी आहे? लक्ष देऊ नका, सूचना घालवायची युक्ती आहे माझ्याकडे."

माझ्या टेबलामागे भिंतीवर माझा परवाना फ्रेम करून लावलेला आहे. त्याच्याखाली बसून मी लोकांना सांगतो की काट्यात पाच ग्रॅमची चूक असली तरी शिक्का मिळणार नाही. आणि समोर पडद्यावर रोज लिहून येतंय की तुझी प्रत खोटी आहे. मला ते सहन होईना. खरी प्रत घ्यावी म्हटलं तर नवी आवृत्ती माझ्या जुन्या मशीनवर बसत नव्हती, म्हणजे मशीनच बदलावं लागणार. मशीन तर चांगलं चालत होतं. तेव्हा मी विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या लिनक्सबद्दल वाचायला लागलो.

लिनक्स कोणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, कोणीही उतरवून घ्यावी, कोणाची चोरी होत नाही. वापरणारे मात्र फार थोडे. गेम सगळे विंडोजसाठी लिहिलेले, पण मधे दुभाष्यासारखा एक प्रोग्राम असतो, तो ते लिनक्सवर चालवून दाखवतो. हे वाचून मला बरं वाटलं. पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलीच्या आणि माझ्या खात्यात मिळून सत्तावीस गेम होते. मी दुसरी डिस्क लावून तिच्यावर लिनक्स बसवली आणि चार रविवार प्रत्येक गेम तपासला. वीस मिनिटं जुन्यावर, वीस मिनिटं नव्यावर. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात तो आकडा दोन्हीकडे लिहिला. एकोणीस गेम सारखेच चालले. पाच जरा मंद. दोन तर आधीपेक्षा वेगात चालले, ते मी तीनदा तपासलं, खरं होतं. राहिला सत्ताविसावा, आमचा. तोही उघडला. त्यात सरावाचं मैदान असतं, तिथे एकट्याने पळता, उड्या मारता येतात, तिथे वीस मिनिटं पळालो. जुन्यावर अठ्ठावन्न चित्रं, नव्यावर पंचावन्न. खऱ्या सामन्यात शिरून पाहिलं नाही. तो रविवार होता. अक्काशिवाय बेटावर उतरायचं नाही असा आमचा नियम होता. म्हणून त्याला अर्धा गुण दिला. सत्तावीसपैकी साडेसव्वीस. शेकडा अठ्ठ्याण्णव.

बायकोला वही दाखवली. ती म्हणाली, "पण तुम्ही यातला एकच तर खेळता."

मी तिला शेकडेवारी परत समजावून सांगितली. आणि जुनी डिस्क पूर्ण पुसून टाकली, पुन्हा मोह नको म्हणून.

मंगळवारी चार वाजता अक्का हेडफोन लावून तयार होती. मी गेम उघडला, तिच्या जोडीला गेलो, सामना सुरू व्हायच्या आधी पडदा काळा झाला आणि मी बाहेर फेकला गेलो. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. त्या खेळाच्या दारावर एक राखणदार प्रोग्राम असतो. कोणी लबाडी करून खेळू नये म्हणून तो तुमचं मशीन आतून बघतो. लिनक्स त्याच्या ओळखीची नव्हती. ओळख नाही तर आत सोडायचं नाही, एवढंच त्याला माहीत.

"काय व्हयनं?" अक्का विचारत होती.

"थांब, बघतो."

पाच वाजेपर्यंत बघत होतो. ती तोवर एकटीच उतरली नाही. विमानतळावर उभी राहिली होती, असं तिने नंतर सांगितलं.

इंटरनेटवर एक उपाय सापडला. एक छोटी फाइल बदलली की राखणदाराला वाटतं सगळं ठीक आहे. मी स्वतःची समजूत घातली की मी कोणाला फसवत नाही, फक्त मी आहे तो आहे एवढंच त्याला पटवतोय. आज लिहिताना स्पष्ट दिसतं की काट्याच्या पायाखाली कागदाची घडी घालण्यातलाच तो प्रकार होता. असा काटा मी कधी उभा केला नाही. गुरुवारी तो उपाय केला, चार मिनिटं खेळलो, आणि शनिवारी माझं खातं बंद झालं. कारण दिलं होतं: अनुचित साधनांचा वापर आढळला.

अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. "भाऊ, तू चोर निंघना."

"हसू नको. मी पत्र लिहितोय त्यांना."

"नवीन खातं काढ ना. आणि ती जुनी विंडोज परत टाक. कोन येस देखाले?" कोण बघायला येतंय.

कोणीच येत नव्हतं. पण मला ते जमेना. आधी माझं नाव साफ व्हावं, मग पुढचं, असं डोक्यात बसलं. लबाड म्हणून बाहेर काढलेल्या माणसाने मुकाट्याने दुसरं नाव घेऊन परत आत शिरायचं, म्हणजे लबाडी कबूल केल्यासारखं. मी सविस्तर पत्र लिहिलं. काय केलं, का केलं, कोणत्या तारखेला. घडी घातली होती हेही लिहिलं. उत्तर आलं ते यंत्राने लिहिलेलं. दुसरं पत्र लिहिलं, तेच उत्तर. तिसऱ्यालाही शब्दाचा फरक नव्हता. तोवर दिवाळी गेली होती आणि कापूस बाजारात यायला लागला होता. जिनिंगवाल्यांचे काटे याच दिवसांत उभे करायचे असतात. मी बोदवड, चाळीसगाव फिरत होतो. हंगाम संपला की नवं मशीन घेऊ, खरी विंडोज घेऊ, असं मी अक्काला फोनवर सांगायचो. ती "बरं" म्हणायची. मग जेवलीस का, बीपी किती, आणि दोन मिनिटांत फोन संपायचा.

पहिल्या आठवड्यात ती चार वाजता एकटी उतरून बघायची. "दार लावायला कोणी नाही मागे," म्हणाली. मग तिने सोडून दिलं.

एक गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती. लिनक्स बसवायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत ती खेळताना म्हणायची, "गवत आणि माणूस एकच दिसतंय रे." मी तिला पडद्याचा उजेड कसा वाढवायचा ते सांगितलं. पंचवीस वर्षांचा मधुमेह असलेल्या बाईला मी उजेड वाढवायला सांगितलं. एकदा म्हणाली, "बठ्ठं धुकं शे आज." सगळं धुकंच आहे आज. मला वाटलं खेळातच धुकं पडलंय, पडतं कधी कधी. माझ्या पडद्यावर त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

हंगाम पुरता संपला नव्हता, पण एक दिवस बायको म्हणाली, "अक्कांचं तुम्ही लांबवताय." मी नवं मशीन मागवलं. खरी विंडोज, पावतीसकट. नवं खातंही काढलं. ज्या दुपारी सगळं चालू झालं त्या दुपारी अक्काला फोन केला तर सुनेने उचलला. म्हणाली, "मामा, आईंच्या डोळ्यात रक्त उतरलंय. उजवा तर गेलाच होता, आम्हाला सांगितलं नाही त्यांनी. आता डाव्यालाही फक्त उजेड-अंधार कळतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने धुळ्याला गेलो. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे व्हायचंच होतं, आधी आणलं असतं तर थोडं लांबलं असतं इतकंच. खेळाचा काही संबंध नाही. मी तेवढंच विचारायला गेलो होतो का, हे मला आजही सांगता येत नाही.

परत येताना पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. तिथे वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. सात आठवडे, आठवड्याच्या तीन, एकवीस दुपारी. त्या एकवीस दुपारी तिला थोडंफार दिसत होतं. तिचे डोळे माझ्यामुळे गेले नाहीत हे मला माहीत आहे. त्या एकवीस दुपारी मात्र माझ्यामुळे गेल्या.

काटा तपासताना आम्ही वजन फक्त मधोमध ठेवत नाही. मधोमध सगळेच काटे बरोबर दाखवतात. तेच वजन उचलून पारड्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेकदा ठेवायचं. तीन कोपऱ्यांवर बरोबर आला आणि चौथ्यावर चुकला, तर काटा नापास. व्यापारी हुज्जत घालतो, "भाऊ, तीन ठिकाणी बरोबर आहे ना, पाऊण पास करा." मी म्हणतो, माल त्याच कोपऱ्यावर ठेवला तर? पाऊण पास असं काही नसतं. सत्तावीस वर्षं हे लोकांना सांगत आलो. आणि अर्धा गुण मीच दिला.

हल्ली दुकानात येणारा एखादा विचारतो, तुम्ही ते लिनक्स वापरायचात ना, त्यावर गेम चालतात का. मी खरं ते सांगतो. बहुतेक सगळे चालतात, चांगले चालतात, फुकट आहे, घ्या. पण आधी बघा तुम्ही कोणता खेळता, आणि कोणाबरोबर.

धुळ्याहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. चार वाजता सुनेचा फोन आला. "मामा, आई खुर्चीवर बसल्यात. हेडफोन लावा म्हणताहेत."

"पडदा चालू आहे?"

"नाही. कशाला?" मग हळूच म्हणाली, "त्यांना सांगू नका."

मी हेडफोन फोनला जोडला, खेळाचा आवाज स्पीकरवर ठेवला. अक्काचा आवाज आला. "भाऊ, खेळ तू. माले सांगत ऱ्हा." मला सांगत राहा.

मी एकटा उतरलो. तिला सांगत होतो. खाली नदी आहे, पलीकडे तीन घरं, एकाचं छप्पर लाल.

"लाल नको. लालवर सगळे उतरतात. मागचं घे."

मागचं घेतलं. खोल्या बघितल्या. एक पट्टी मिळाली, एक तवा मिळाला. तवा घे म्हणाली, घेतला. बाहेर पडलो.

"दार?"

"लावतोय."

दाराकडे वळलो आणि मागून गोळी लागली. उतरल्यापासून चार मिनिटंही झाली नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता एकाहत्तर. बंदुकीचा आवाज तिनेही ऐकला.

"तुले लागनी का?"

"नाही. लांब वाजली."

तोंडातून निघून गेलं. पुढे थांबता आलं नाही. पडद्यावर खेळ संपल्याची पाटी आली होती, ती तशीच ठेवून मी बोलत राहिलो. एकशे त्रेसष्ट दुपारींचं बेट मला पाठ होतं. टेकडी चढलो. गोल आवळतोय, उत्तरेला जातोय. गोदाम आहे. गवतात पडलोय. ती सांगत होती, उठू नको, आधी आवाज ऐक. मी ऐकतोय म्हणालो. दोघंही ऐकत बसलो. माझ्या खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. त्या वाट बघण्यात ती म्हणाली, "काल तू आलास तेव्हा तुझा शर्ट कोणत्या रंगाचा होता?"

"निळा."

"मला राखाडी वाटला."

मग तिने विचारलं, "किती ऱ्हायनात?"

मी आयुष्यात काट्यावरचा आकडा कधी खोटा वाचला नाही. "पाच," म्हणालो.

ती म्हणाली, "सहाच्या पुढे कधी गेलो नव्हतो आपण."

"नाही."

"लिही वहीत."

हो म्हणालो. वही उघडली, तारीख टाकली, कुठे उतरलो ते लिहिलं. शेवटचा रकाना कोराच ठेवला.

गुरुवारी चारला पाच मिनिटं होती. मी मशीन अजून चालूही केलं नव्हतं, नुसता फोन लावून हेडफोन घातला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि अक्का म्हणाली, "भाऊ, आज विसाच्या आत येऊ नको. रोज रोज बरं नाही दिसत."

त्या दिवशी आम्ही तेविसावे आलो.